टपावरचे पापड

नागलीचा पापड तळला की मला हटकून डिझेल आणि तापलेला पत्रा आठवतो. आमच्या जुन्या ट्रकचं इंजिन मोखाड्याच्या घाटात जाम झालं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. ट्रक ओढत आणून अंगणात उभा केला होता. जव्हारच्या मिस्त्रीने तपासून सांगितलं की, नवं इंजिन टाकण्यापेक्षा भंगारात काढलेला बरा. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत आणि मग त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. मला वाटलं, निदान आई तरी खूश होईल, कारण या ट्रकला ती आपली सवत म्हणायची. पण भंगारवाला आला तेव्हा आईच ट्रकच्या टपावर चढून बसली होती आणि तिच्याभोवती जुन्या लुगड्यांवर नागलीचे पापड पसरले होते. खाली कोंबड्या-शेळ्या काही टिकू देत नव्हत्या. "पापड वाळूं दे, मंग न्या," ती वरूनच म्हणाली. भंगारवाला चहा पिऊन गेला. चार दिवसांनी परत आला, तर टपावर शेजारणींचे पापड होते आणि मागच्या हौद्यात कैरीच्या फोडींची आंबोशी वाळत होती. तो डोक्याला हात लावून हसला. "भाऊ, ये तो चालू गाडी है! मी फक्त बंद गाड्या नेतो," असं म्हणून पापडांची पुडी घेऊन तो निघून गेला. परवा गावी गेले, तर वडील ट्रक घासूनपुसून धूत होते, पूर्वी लांबच्या फेरीआधी धुवायचे तसाच. "कुठं निघाली गाडी?" मी विचारलं. "कुठं नाही," ते म्हणाले, "उद्या तुझ्या आईचे पापड आहेत."