न आलेली आकडी

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली कप्तान म्हणते. विमान चालवणं सुटून वर्षं झाली, आता तो मालाच्या शेडमध्ये खोक्यांची वजनं करतो, तरी म्हणतात. काही जण प्रेमाने म्हणतात, काही खवचटपणे. खवचट कोण ते मी बरोबर ओळखते आणि त्यांच्याकडे बघून मान फिरवते.

तो छोटं विमान चालवायचा. टपाल, औषधं, यंत्रांचे सुटे भाग असला माल. निघण्याआधी विमानाभोवती फेरी मारायचा. पंखाच्या कडेवरून हात फिरवायचा, चाकांपाशी वाकायचा, टाकीचं झाकण स्वतः उघडून आत डोकवायचा. मेकॅनिक चिडायचा, माझ्यावर भरवसा नाही का म्हणून. हा म्हणायचा, भरवसा आहे, पण वर मी जाणार आहे. घरीसुद्धा तेच. बाहेर पडलं की कुलूप ओढून बघणार, दहा पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढणार. माझी भावजय म्हणायची, ताई, तुमचा भाऊ लग्नाच्या दिवशीही मला दोनदा तपासून बघत होता.

असला हा माणूस, पण स्वतःची दवाखान्यातली फाइल त्याने कधी उघडून बघितली नाही. तो एकटाच नव्हे, त्याची सगळी जमात तशीच. वैमानिक वादळाला घाबरत नाहीत तेवढे डॉक्टरला घाबरतात. दरवर्षी तपासणी, तिचं सर्टिफिकेट मिळालं तर उडायचं, नाहीतर घरी बसायचं. म्हणून साधं पडसं झालं तरी गिळून टाकतात. आणि फाइल मागायला जायचं म्हणजे कारकून विचारणार, कशाला हवी? चार लोकांत कुजबुज होणार, ह्याला काहीतरी झालंय. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? त्याचा एक जुना वैमानिक मित्र होता. दुसऱ्याच कोणाचा साखरेचा रिपोर्ट त्याच्या फाइलीत लागला आणि बिचारा कितीतरी महिने जमिनीवर बसला. तेव्हापासून तो भेटेल त्याला सांगायचा, बाबांनो, आपापली फाइल आणा आणि वाचा. कप्तान त्याला हसायचा.

एका उन्हाळ्यात कप्तानाचं पोट बिघडलं. उलट्या, जुलाब, अंगात त्राण नाही. दुपारी न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडला. भावजयीने मला हाक मारली, दोघींनी त्याला गाडीत घातलं आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे खिडकीवर नाव सांगा, काय होतंय ते सांगा आणि बाकावर बसा. बाकं भरलेली. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एकजण म्हणाला, मी सकाळपासून बसलोय. कप्तान पांढराफटक पडला होता, भिंतीला टेकवलं तरी घसरत होता. भावजय उठली, पुन्हा खिडकीशी गेली आणि म्हणाली, त्यांना आकडी आली हो, हातपाय झाडत होते, डोळे फिरवले.

लगेच स्ट्रेचर आलं. सलाइन लावलं, डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. संध्याकाळी आमचे साहेब उठून बसले आणि चहा मागायला लागले. घरी येताना भावजयीने त्याला आपली करामत सांगितली, तेव्हा तोही हसला. म्हणाला, तू तर विमानसुद्धा रांग मोडून उतरवशील. खिडकीतल्या बाईने ते लिहून घेतलं असेल हे आम्हा तिघांच्याही डोक्यात आलं नाही. कुलूप दोनदा ओढणाऱ्याच्याही नाही.

पुढच्या तपासणीत फॉर्मवर त्याने खरं ते लिहिलं. चक्कर आली होती, जुलाबामुळे. आकडी कधी आली होती का? नाही. सगळं सुरळीत चाललं. मग नियम बदलला आणि वरच्या कार्यालयाने दवाखान्यांकडून परस्पर कागद मागवायला सुरुवात केली. कप्तानाच्या कागदात होतं: आकडी, घरच्यांनी पाहिली. सर्टिफिकेट थांबलं. वर ठपका, माहिती लपवली. ज्याने आयुष्यात गाडीचा हॉर्नसुद्धा गरजेशिवाय वाजवला नाही, त्याला लबाड ठरवलं. आग लागो असल्या न्यायाला.

तेव्हा कुठे तो फाइल घ्यायला गेला. लिहिणारा डॉक्टर दुसरीकडे निघून गेला होता. नोंदी सांभाळणारा कारकून म्हणाला, ह्यात चूक कुठे आहे? तुम्ही जे सांगितलं ते लिहिलंय. आणि ते खरंच होतं, मेल्याला तोंडावर काय बोलणार? दुसऱ्या कोणाचा कागद लागला असता तर काढता आला असता. हा आमचाच होता.

राहिला एकच मार्ग. भावजयीने वैद्यकीय मंडळासमोर जाऊन खरं सांगायचं. मी सोबत गेले. खोली साधीच, टेबलामागे म्हातारा डॉक्टर, बोलायलाही चांगला. तिने सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. त्याने चष्मा काढला.

"बाई, तेव्हा नवऱ्याचा जीव वाचावा म्हणून तुम्ही खोटं बोललात. आज त्याची नोकरी वाचावी म्हणून बोलताय. ह्यातलं खरं मी कोणतं धरू?"

ती पर्सची चेन उघडत राहिली, लावत राहिली. मी तोंड उघडणार तेवढ्यात कप्तानाने माझा हात दाबला. काही वर्षं जाऊ द्या, मग पुन्हा अर्ज करा, असं उत्तर मिळालं. तोवर कंपनी काय ह्याच्यासाठी विमान बांधून ठेवणार होती? उपकार केल्यासारखी शेडमधली नोकरी दिली.

तो तिला एका शब्दाने बोलला नाही. त्यानेच ती झिजली. मला म्हणायची, ताई, एकदा तरी ताट आपटू दे त्याला. त्याने ताट आपटलं नाही, फक्त बोलणं मोजकं केलं. कसा आहेस विचारलं तर म्हणणार, सकाळी बरा होतो. सुट्टीच्या दिवशी नवी पोरं आपापल्या फाइली घेऊन त्याच्याकडे यायची. तो ओळ न् ओळ वाचून चुका काढायचा. एकाच्या वडिलांचा रक्तदाब मुलाच्या नावावर, दुसऱ्याला कधी न घेतलेली झोपेची गोळी. चुका दुरुस्त व्हायच्या, पोरं उडायची. भावजय त्यांना चहा द्यायची आणि आत निघून जायची.

ह्या थंडीत एका सकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती खाली बसली. पाठ भरून आली, मळमळतंय म्हणाली, घाम फुटला. तोच दवाखाना, तीच खिडकी. मी गाडी लावायला गेले. आत काय झालं ते मला मागून तिथल्याच एका बाईने सांगितलं. कप्तान खिडकीवर म्हणाला, पाठ दुखतेय म्हणते, मळमळ आहे, मी बाकी काही पाहिलेलं नाही. पित्त असेल, बसा, असं उत्तर आलं. भावजय त्याला हळूच म्हणाली, "अहो, जरा वाढवून सांगा ना."

तो म्हणाला, "नको. लिहून घेतात."

गाडीला जागा मिळता मिळेना. मी आले तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि हा शेजारी ताठ बसला होता. दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो, कबूल. पण बायको मरतेय आणि हा फुंकत बसलाय. मी खिडकीवर जाऊन ओरडले, छातीत कळ आहे, पहाटेपासून आहे, बघा तरी तिच्याकडे. लगेच स्ट्रेचर आलं. पण ती परत आली नाही.

तिचे दिवस झाल्यावर कप्तानाने तिची फाइल आणली. टेबलावर ठेवून ओळ न् ओळ वाचली. मग एका जागी बोट ठेवून मला म्हणाला, "ताई, हे चुकीचं आहे. छातीत कळ, पहाटेपासून. असं नव्हतं. दुरुस्त करून घ्यायला हवं." हातात पेन उघडून बसला होता.

"राहू दे रे," मी म्हटलं. "ते खोटं मी बोलले. तेच तू आधी बोलला असतास, तर ती आत्ता इथे तुझ्यावर चिडत बसली असती."

त्याने पेनाला टोपण लावलं. मग ते नीट बसलंय का, पुन्हा एकदा ओढून बघितलं.