आईची शेवटची आंघोळ

आई गेली गुरुवारी पहाटे, आणि उन्हं वर आली तरी मी रडले नव्हते. रडायला सवडच नव्हती. मला बाया हव्या होत्या.

आम्ही बेने इस्रायली, मूळ रायगडकडचे. नवरा गोव्यात डिचोलीच्या खाणीवर मेकॅनिक म्हणून आला आणि आम्ही लाटंबार्श्यात राहिलो. तो गेला, मुलगी इस्रायलला गेली, मग आईला मी माझ्याकडे आणलं. अख्ख्या गावात ज्यू म्हणून आम्ही दोघीच. आता मी एकटी.

आमच्यात मयताला न्हाऊ घालायचं काम समाजातली माणसं आपणहून करतात. बाईला बायाच. पैसे नाहीत, मान नाही, आभारही नाहीत, कारण जिच्यासाठी करायचं ती उठून आभार मानणार नसते. आई म्हणायची, खरी सेवा एवढीच, बाकी सगळी देवाणघेवाण. जन्मभर तिने हे केलं. निरोप आला की चुलीवरचं उतरवून निघायची, आणि त्या घरचा घोटभर चहासुद्धा घ्यायची नाही. लग्नाआधी मीही तिच्या हाताखाली होते. अंगावरची चादर न काढता खालून धुवायचं, मयतावरून पलीकडे काही द्यायचं नाही, आणि शेवटी डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओतायचं ते एका धारेत. एक घागर संपायच्या आत दुसरीची धार सुरू व्हायलाच हवी. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. हे एकटीने होत नाही. रायगडच्या गावातल्या कितीतरी बायांना आईने असं पाठवलं, आणि तिच्या वेळेला कोणी नाही, या विचाराने मला देवाचासुद्धा राग आला.

रायगडला गावी फोन केला. तिथले वडीलधारे म्हणाले, "जागा तयार ठेवतो. उद्या शुक्रवार, सूर्य मावळून शाब्बाथ लागायच्या आत माती देऊ. पण न्हाऊ घालायला बाया कुठून आणू? ज्यांना येतं त्या सगळ्या मुलांकडे इस्रायलला गेल्या. उरल्यात त्यांनाच धरून उठवावं लागतं. तू तिथूनच आवरून आण."

मग पेडण्याच्या किनाऱ्यावर फोन लावला. इस्रायली पोरं हिवाळ्यात तिकडे येतात, त्यांचं एक प्रार्थनाघर आहे. फोन तिथल्या सिंधुदुर्गाकडच्या राखणदाराने घेतला. "सगळी गेली गो बाय. सिझन संपलो. आता पावसानंतर येतली." एखादी तरी बाई मागे राहिली असेल, मी विचारलं. तो बिचारा खोली खोली बघून आला आणि नाही म्हणाला. मी फोन ठेवायचाही विसरले.

दारात शेजारीण उभी होती, सुनेला घेऊन. सगळं ऐकलं असावं. "कितें करूंक जाय तें सांग. आमी आसात मगे."

आमचीच बाई हवी, असं ओठावर आलं होतं. पण अंगणात शववाहिका येऊन उभी राहिली होती आणि शुक्रवारचा सूर्य कुणासाठी थांबणार नव्हता. मी त्यांना सगळं समजावलं. दोघींनी निमूट पदर खोचले.

धुणं नीट झालं. मग मी घागर उचलली आणि डोक्याकडून धार धरली. माझी संपत आली तशी सुनेची सुरू झाली. तिसरी शेजारणीची. ती ओतत ओतत पायांशी आली, आणि तिने घागर पुरती रिकामी न करताच खाली ठेवून आईच्या पायांवर डोकं टेकलं. धार तुटली.

"थांबायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना," मी ओरडलेच.

ती घाबरून म्हणाली, "पायां पडल्याबगर मावशीक कशी धाडूं?"

तिचं काय चुकलं होतं? त्यांच्यात तसंच करतात. पण पिंप रिकामं झालं होतं आणि मे महिन्यात आमच्याकडे नळाला संध्याकाळशिवाय पाणी येत नाही. आईला अर्धवट पाठवायचं, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं. सून पळत गेली आणि वाड्यावरच्या घराघरांतून बाया पाणी घेऊन येऊ लागल्या. घरात प्यायला ठेवलेलंसुद्धा त्यांनी आणलं.

दुसऱ्यांदा धार तुटली नाही. शेवटी न्हाऊ घालणाऱ्यांनी मयताची क्षमा मागायची असते. मी आईचं नाव घेतलं आणि पुढे शब्दच फुटेना. शेजारीणच बोलली. "मावशे, आमकां येना. चुकलें आसत जाल्यार माफ कर." तेव्हा मला रडू कोसळलं.

आईला कफन घालून झालं. गाडीत ठेवायला माणसं आत येईपर्यंत मी आणि शेजारीण ओल्या लाद्यांवर बसलो होतो. तिने विचारलं, "आनी तुका गो? तुका कोण न्हाणयतलें?"

मुलीला यायला विमान मिळेतो एखादा दिवस जाईल, आणि तिला यातलं काही येत नाही.

"आतां माका येता मगे," ती म्हणाली. "हांव न्हाणयतां तुका. धार तुटूंक दिवची ना."

मी बरं म्हटलं आणि तिला हाताला धरून उठवलं. ती पंचाहत्तरीची आहे. मी साठीची.