बेअरिंगवर टेकवलेलं बोट

मंडळी, मशीनच्या पट्ट्यात चेचलेलं माझ्या उजव्या हाताचं बोट भरून आलं, म्हणून आज खोपोलीच्या वर्कशॉपात परत कामाला लागलो. लढाईच्या मालाची घाई होती.

बेअरिंग तापलंय का, हे आम्ही बोट टेकवूनच बघतो. सवयीनं मी तेच बोट टेकवलं आणि म्हणालो, "गार हाय. चालू दे."

शेजारचा धोंडू ओरडला, "अरं, हात काढ! कातडी करपतेय!"

खरंच करपली होती. बोटाला काही जाणवलंच नव्हतं. भीतीही वाटली नाही.

घरी बायकोनं विचारलं, "आता दुखत नाय ना वो?"

मूठ मिटूनच म्हणालो, "नाय."

तिनं लगेच देवापुढं गूळ ठेवला. प्रसादाला मी डावा हात पुढं केला. ती गूळ हातात धरूनच थांबली.

मंडळी, न दुखणंच वाईट असतं, हे तिला कसं सांगू?