शेवटची गाठ

घोंगडीला लावायची चिंचोक्याची खळ आणि ओली लोकर यांचा मिळून एक उबदार वास असतो. तो आला की मी निजामाच्या राज्यातल्या, अंबडकडच्या आमच्या धाब्याच्या घरात जाऊन पोचते. वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात आईनं एका दुकानदाराकडून निजामी चलनातले बारा हाली रुपये उसने घेतले होते आणि तेवढ्याच गाठी मारलेला काळा लोकरीचा दोरा खुंटीला टांगला होता; एक रुपया फेडला की एक गाठ सोडायची. आई दिवसभर लोकांच्या घोंगड्यांसाठी लोकर कातायची आणि आम्ही गोणपाट पांघरून निजायचो. शेवटची गाठ सुटेपर्यंत स्वतःची घोंगडी करायची नाही, असा तिचा हट्ट होता. शेजारच्या बाया लोकर कातायच्या चात्या घेऊन अंगणात यायच्या, खुंटीकडं बघून म्हणायच्या, "आता चारच राह्यल्या की गं, होतंय बराबर!" तशी आईची चाती जोरात फिरायची. थंडीतल्या एका दुपारी ती बारावा रुपया देऊन आली. पण शेवटची गाठ धुरानं दगड झालेली. सगळ्या बायांनी नखं लावून पाहिली. मी मेंढ्यांची कातर आणली, तशी आई ओरडली, "कापायची न्हाई, फेडायची असती ती!" मग एकीनं तेल लावलं, दुसरीनं दाभण घातलं, आणि उन्हं भिंतीवर चढता चढता गाठ आईच्या बोटांत अलगद उकलली. तोच दोरा घोंगड्यांचा माग चालवणाऱ्या माझ्या मामानं आमच्या पहिल्या घोंगडीच्या काठात विणला. आता मला नीट दिसत नाही. पण झोपताना त्याच घोंगडीच्या काठावरून बोट फिरवलं, की जिथं दोरा अजून वाकडा आहे, तिथं ते आपोआप थांबतं.