‘छकुले’च्या जागी ‘सजणे’

मास्तरांचा गळा शिलाई मशीनला बांधलेला होता. पाय चालला की गाणं सुरू. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या गाळ्यातले शिंपी. गाणंही एकच, त्यांच्या तरुणपणच्या सिनेमातलं. लेक लहान असताना त्यांनी त्यातलं ‘सजणे’ उसवून ‘छकुले’ बसवलं होतं. तो शब्द आला की ते मशीन थांबवायचे, आणि कापडाच्या ढिगावर बसलेली लेक ओरडायची, "छकुले!" मग दोघं खो खो हसायची.

तिच्या लग्नावरून शब्दाने शब्द वाढला. ती गेली, ती गेलीच. फोन नंबरही बदलला.

"जगभर ऐकू जातं म्हणे इंटरनेटवर," बायको म्हणाली. "गा. ऐकेल कुठेतरी." तिनेच मोबाइल धरून मशीनवर गाणाऱ्या नवऱ्याचं चित्रण केलं, चढवलंही. महिन्याभरात ते गायब झालं; जागी गाण्याच्या हक्कांबद्दलची सूचना तेवढी उरली.

मास्तर तडक गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीत गेले.

"चोरी नाही केली हो. गळा माझा, मशीन माझं."

तिथल्या बाईंनी आधी पाणी दिलं. "आवाज तुमचाच काका. पण शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. दुसऱ्याचं गाणं गाऊन लोकांपुढे ठेवायचं तर परवाना लागतो, चित्रण असेल तर त्याचा वेगळा. तेही देऊ. अडलंय ते ‘छकुले’पाशी. शब्द बदलायचा तर कवीच्या घरच्यांचा होकार हवा, आणि ते नको म्हणतात."

"एक शब्द तर आहे! असा बेमालूम बसवलाय, कुठे टाका दिसतो का सांगा."

"नाही दिसत," बाई हसल्या. "पण गिऱ्हाइकाला न विचारता तुम्ही त्याची बाही कापता का?"

मास्तरांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. असलं काम त्यांच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

"घरात गुणगुणा की हवं ते. तिथे कोण अडवतंय?"

"घरात ऐकणारी नाही ना बाई," मास्तर म्हणाले आणि परवान्याला हो म्हणून उठले.

गाळ्यावर परतल्यावर बायको उसळली. "सजणे? तसं तर कुणीही गाईल! आपलं आहे हे पोरीला कळणार कसं?"

"तू मोबाइल धर, हात हलवू नकोस."

मास्तर गायला लागले. मशीन टकटकत होतं. तो शब्द जवळ आला आणि त्यांचा पाय थांबला. गाळ्यात क्षणभर नुसती शांतता. मग त्यांनी कवीचा ‘सजणे’ जसाच्या तसा म्हटला आणि पाय पुन्हा चालू केला.

आता ते गाणं परवान्यासकट इंटरनेटवर आहे. संध्याकाळी गाळा बंद करण्याआधी दोघं ते एकदा लावतात. मशीन थांबतं तिथे बायकोचे ओठ हलतात. मास्तर दाराकडे बघतात.