फटीवरचं गंध

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधेच कुणी हसलं की माझं बोलणं अडकतं, आणि हा किस्सा अडकत अडकत सांगितला तर पुरा व्हायचाच नाही. मी भर प्रदर्शनात अख्ख्या हॉलची वीज घालवली. नुसती घालवली असती तर ठीक होतं. पण ऐका.

आमच्या तंजावूरच्या शाळेतून दर वर्षी एकच मॉडेल तिरुचीच्या मोठ्या प्रदर्शनाला जातं. गेल्या वर्षी माझं जवळजवळ ठरलं होतं. परीक्षक बाईंनी विचारलं, "हे काय आहे?" आणि माझ्या घशातून आवाजच निघेना. मी टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत राहिले, त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. या वर्षी मला तिरुचीला जायचंच होतं. झोपेतसुद्धा माझा पाय हलत असतो, असं अम्मा म्हणायची.

मॉडेल होतं एका छोट्या कन्व्हर्टरचं. बोर्डाच्या एका बाजूला भिंतीतून येणारी वीज, जीव घेणारी. दुसऱ्या बाजूला बारा व्होल्ट, त्यावर एक दिवा. दोन्ही बाजूंना जोडणारी तार कुठेच नाही. मधला ट्रान्सफॉर्मर दोन काठांवर पूल टाकल्यासारखा बसतो आणि वीज त्याच्यातून चुंबकाच्या जोरावर पलीकडे जाते. बाकी मधे बोर्डाची करंगळीएवढी कोरी पट्टी सोडायची, तीच फट, आणि त्या फटीत काही म्हणजे काही नको. धूळ नको, ओल नको. नाहीतर वीज त्यावरून सरपटत पलीकडे जाते आणि मग दिव्याला हात लावणाऱ्याची खैर नाही.

मी हे सगळं मोठ्या तक्त्यावर लिहिलं. शेवटी लाल शाईने: "ही जागा स्वच्छ, कोरडी आणि रिकामी ठेवा." माझं अक्षर लांबूनही वाचता येतं. पुढे हेच मला भोवलं.

फट सगळ्यांना दिसावी म्हणून बोर्डावर पारदर्शक झाकण केलं. आमच्या फिजिक्सच्या मिसनी सांगितल्याप्रमाणे दिव्याचा लोखंडी स्टँड आणि बारा व्होल्टची एक तार अर्थिंगला जोडली. म्हणजे वीज चुकून त्या बाजूला आलीच तर जमिनीत जाईल आणि ट्रिप स्विच आपोआप पडेल.

रविवारी घरी चाचणी होती. मी प्लग हातात घेतला आणि अम्मा आतून ताटली घेऊन आली.

"नवीन मशीन कसाला तसंच चालू करतीस? गंध-कुंकू लाव आधी."

आमच्याकडे सायकल असो, मिक्सी असो, इन्व्हर्टर असो, गंध-कुंकवाशिवाय काही सुरू होत नाही. मी झाकण उघडलं. अम्माने उगाळलेलं गंध ओलं होतं, त्यात चिमूटभर विभूतीही होती. बोर्डावर कुठे बोट टेकायला जागा नव्हती, सगळीकडे सुट्या भागांचे तारेचे पाय आणि सोल्डरचे ठिपके. मधे एकच मोकळी जागा होती. तिथे मी छान ठसठशीत टिळा लावला, वर कुंकू. झाकण बंद केलं आणि बटण दाबलं.

खट्. पंखा थांबला. ट्रिप स्विच पडला.

"दृष्ट," अम्मा म्हणाली.

"गळती," अप्पा म्हणाले. "घरातल्या कशातून तरी करंट गळतोय. एकेक काढून बघू."

फ्रिज काढला, स्विच पडला. मिक्सी काढली, पडला. मोटर बंद केली, पडला. मी येरझाऱ्या घालत होते आणि मधूनमधून गळती म्हणजे काय ते अम्माला समजावत होते. दुपार अशीच गेली. शेवटी राहिला ग्राइंडर, त्यात इडलीचं पीठ अर्धवट वाटलेलं.

"त्याला हात लावू नको," अम्मा म्हणाली.

"अम्मा, ओल असते ना त्यात. वीज ओलीतूनच सरपटते," मी म्हणाले.

ग्राइंडरचा प्लग काढला आणि स्विच टिकला. माझा दिवा लागला.

अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ग्राइंडर कोपऱ्यात गेला, वर जुनी चादर पडली. दुसऱ्या दिवशी आम्ही भरड इडल्या खाल्ल्या आणि त्या खातानासुद्धा मला अभिमान वाटत होता.

शाळेच्या प्रदर्शनाच्या सकाळी अम्माने गंधाची छोटी डबी दिली. हॉलमध्ये माझ्या शेजारी सुगंधी होती. ती बायॉलॉजीवाली, पण मॉडेल धरणाचं, पंपाने खरं पाणी सोडणारं. परीक्षक बाई जवळ येत होत्या. माझ्या हातांना काहीतरी काम हवं होतं. झाकण उघडून पाहिलं, परवाचा टिळा वाळून फिका पडला होता. मी वर नवा लावला, जरा मोठाच. झाकण लावलं आणि बटण दाबलं.

खट्.

पंखे थांबले. कुणाचा ज्वालामुखी थांबला, कुणाची पवनचक्की. सुगंधीच्या धरणाचं पाणीही थांबलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि माझ्या घशातून अचानक आवाज निघाला. मोठा, स्पष्ट, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"मिस, सुगंधीच्या पंपातून गळती आहे. तिथे पाणी आहे."

सुगंधीने माझ्याकडे पाहिलं. "तुला बोलता येतं?"

तिचा पंप काढला. स्विच वर केला. खट्. मग ज्वालामुखी काढला, पवनचक्की काढली. खट्, खट्. शेवटी हॉलमध्ये एकच प्लग उरला, आणि मिस माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांनी प्लग काढला, वाकून झाकणातून पाहिलं आणि तक्त्याकडे बोट केलं.

"तक्त्यावरची शेवटची ओळ वाच."

"ही जागा स्वच्छ," मी वाचलं, "कोरडी आणि..."

तेवढ्यात मला टिळा दिसला.

"पण मिस, घरी चाललं होतं."

"वाळल्यावर चाललं असेल. आणि ज्या घरात अर्थिंग नाही, ट्रिप स्विच नाही, तिथे कुणी स्टँडला हात लावला असता तर?"

यावर हसण्यासारखं काही नाही. परीक्षक बाई मात्र म्हणाल्या, "नियम मोडल्यावर काय होतं, ते इतकं नीट आजवर कुणी दाखवलं नव्हतं." आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

घरी अम्माने सगळं शांतपणे ऐकलं. ग्राइंडरवरची चादर काढली.

"नमस्कार कर त्याला."

"अम्मा..."

"विनाकारण आळ घेतलीस. कर."

मी केला.

तिरुचीला सुगंधीचं धरण गेलं. मिस म्हणाल्या, पाण्याजवळ भिंतीतली वीज नकोच, बारा व्होल्टचा पंप बसवू, आणि तो या कन्व्हर्टरवर चालवू. बोर्ड धुऊन, वाळवून, तपासून झाला. म्हणजे माझा कन्व्हर्टर तिरुचीला गेला. मी नाही.

निघताना सुगंधीने त्याला कुंकू लावलं. बाहेरून, झाकणावर.