दस्तगीर चाचांचा गिलावा

मी मानसिंग. फौजेतनं सुटल्यापास्नं कराडजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या हॉलवर वॉचमन हाय. परवापास्नं माझं डोकं चालंना, म्हनून सांगतोय.

अडुसष्ट साली एका स्लोव्हाक साहेबानं ह्यो हॉल बांधला. फळ्यांच्या साच्यात काँक्रीट वतलं, फळ्या काढल्या, आनि भिंतीवर लाकडाच्या रेघा तशाच ऱ्हायल्या. फळ्या ठोकलेल्या आमच्या गावातल्या दस्तगीर चाचांच्या अब्बांनी. जायच्या दिवशी साहेबानं त्या रेघांवर हात फिरवला, मान हलवली, काय तरी बोलला आनि गाडीत बसला. त्येची भाषा कुनाला कळतीय? अब्बांनी मनाला लावून घेतलं. 'साहेबानं माझ्या कामाला खडबडीत म्हनलं,' म्हनतच गेलं बिचारं.

उघडी भिंत म्हंजे अर्धवट काम, आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल. चाचा गवंडी झालं, आनि पयलं काय केलं, तर हॉलच्या सगळ्या भिंतींना गिलावा. मजुरी घेतली न्हाई. बापाच्या नावाचा डाग पुसायचा हुता.

परवा त्या साहेबाची नात आली. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रियदर्शनी मॅडम दुभाषी म्हनून संगं. नातीनं जुना फोटो बघितला, भिंत बघितली, आनि तिचं तोंडच उतरलं. चाचा आपलं छाती काढून उभं. "म्या झाकलं सगळं. हात फिरवून बघा."

नातीनं साहेबाची जुनी वही आनलेली, ती मॅडमनी वाचून दावली. "इतकं देखणं फळीकाम मी कुठंही पाहिलं नाही. त्या सुताराला तसं सांगितलं. त्याला कळलं की नाही, कोण जाणे."

चाचांनी ते परत एकदा वाचायला लावलं. मला लय राग आला, पन कुनाचा, ते आजून कळंना. साहेबाचा? त्यो तर चांगलंच बोललावता. अब्बांचा? चाचांचा कसा करू? नात म्हनली, गिलावा काढायला पुन्यास्नं मानसं आनती. चाचा घरी गेलं.

आज सकाळी कुलूप काढतोय, तर चाचा छन्नी-हातोडी घिऊन दारात.

"दुसऱ्याचा हात लागू द्याचा न्हाई," म्हनालं.

गिलावा एवढा पक्का, दुपारपतोर वीतभर निघाला. खाली रेघा दिसल्या, लाकडाच्या गाठीसकट. चाचांनी त्यावर हात फिरवला. मान हलवली.

"मानसिंग, अब्बा रडत गेलं रं. आता ह्ये मी कुनाला दावू?"